हान्सानचा खाच पडलेला दात

हसू नका मित्रांनो. दातानं दिसायचं असतं, बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण मी एक जुना दात आहे आणि म्हातारपणी तोंड आवरत नाही. कुम्बुन नावाच्या बाईच्या तोंडात, वरच्या ओळीत, अगदी समोर उजवीकडे मी उभा आहे. माझ्या शेजारी जो चकचकीत दात दिसतो तो खोटा आहे. त्याचं माझं बोलणं नाही. तिथं आधी माझा जोडीदार होता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

कुम्बुनचा दुधाचा दात पडला तेव्हा तिच्या वडिलांनी तो छपरावर भिरकावला. आमच्याकडे एक काळंपांढरं पाखरू असतं, ते जुना दात नेऊन नवा आणून देतं म्हणतात. कुम्बुननं अंगणात उभं राहून त्याला ओरडून सांगितलं, जुना घे, नवा दे. पाखरानं ऐकलं की नाही देव जाणे, पण थोड्याच दिवसांत हिरडी फोडून मी बाहेर आलो. बघतो तर समोर मोशीची रानं, जिच्या सालीच्या धाग्यांचं आमच्याकडे कापड विणतात ती मोशी. आमच्या हान्सान गावात दुसरं दिसणार काय? माणसापेक्षा उंच वाढलेली झुडपं, वारा आला की पानं उलटी व्हायची आणि सगळं रान हिरव्याचं पांढरं दिसायचं. मी तर बघतच राहिलो. मला वाटलं होतं, आपण भात खायला जन्मलो. ते काम होतंच, पण आमच्या गावात दाताला त्याहून मोठं काम होतं.

मोशीची वरची साल काढून टाकतात. आतली साल पाण्यात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची, की ती पांढरी पडते. मग त्या पट्ट्या चिरून धागे काढायचे. सुरीनं नव्हे, कात्रीनं नव्हे, दातांनी. वरच्या आणि खालच्या दातांत पट्टीचं टोक धरायचं, जिभेनं ओलं ठेवायचं आणि हातानं ओढत न्यायचं. असे धागे गुडघ्यावर वळून एकमेकांना जोडले की सूत होतं आणि मग ते मागावर जातं.

पहिल्यांदा कुम्बुनच्या आईनं पट्टी आमच्या मध्ये ठेवली तेव्हा कुम्बुननं ती कचकन चावली. पट्टी तुटली.

"खायला दिली नाहीये," आई म्हणाली. "चावू नकोस, नुसती धर. भातात खडा लागल्यावर कशी थबकतेस, तशी थबक."

कुम्बुन थबकली. मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही मला नवल वाटतं. पट्टी दोन झाली. दोनाच्या चार झाल्या. मग इतकी बारीक झाली की कुम्बुनच्या डोळ्यांना दिसेना, बोटांना लागेना. पण मला लागत होती. ती कुठे जाड आहे, कुठे विरळ आहे, आता तुटेल की टिकेल, सगळं मला माझ्या कडेवर कळत होतं. तुमच्या जेवणात एक केस आला तर डोळ्यांना दिसत नाही, पण दाताला लगेच कळतो ना? तोच हा गुण. एवढीशी पांढरी हाडासारखी वस्तू आणि तिला केसाच्या जाडीचा हिशेब कळतो! हा गुण प्रत्येकाच्या तोंडात असतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

सुरुवातीला ओठ फाटायचे. जिभेला चरे पडायचे. तिखट मुळ्याची किमची खाताना कुम्बुनच्या डोळ्यांतून पाणी यायचं. हळूहळू ओठ निबर झाले आणि कुम्बुनचा हात बसला. तिचा धागा आसपासच्या गावांत नावाजला जाऊ लागला. तिच्या हातचं कापड उन्हात धरलं की पलीकडची माणसं ओळखू यायची. अंगावर घातलं की काही घातलंय असं वाटायचं नाही. पण त्याच वेळी माझ्या आणि जोडीदाराच्या कडेला, धागा रोज जिथून जायचा तिथं, एक बारीकशी खाच पडली. विहिरीच्या काठाला दोरानं पडते तशी.

आता तुम्ही म्हणाल, अरेरे. पण आमच्या गावात कुणी अरेरे म्हटलं नाही. उलट खाच म्हणजे मान. कुम्बुनला सासरची माणसं बघायला आली तेव्हा होणारी सासू चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "पोरी, जरा हस बघू." कुम्बुन लाजत हसली. सासूनं वाकून आम्हाला पाहिलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी कामाची आहे." त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू! माझी खाच बघून लग्न ठरलं होतं. खाच म्हणजे माझंच थोडं थोडं जाणं, हे तेव्हा ना मला उमगलं, ना तिला.

मान मिळाला की माणूस जरा सैल सुटतो. कुम्बुनचंही तसंच झालं. आपले दात म्हणजे पोलादाचे, असं तिनं ठरवूनच टाकलं. शिवताना दोरा तुटायचा तर दातानं. गोणीची गाठ सुटत नाही, लावा दात. खेकड्याची नांगी फोडायची, लावा दात. पिशवीचा कोपरा फाडायचा, कपडे वाळत घालताना चिमटा धरायचा, सरबत संपल्यावर पेल्यातला बर्फ कडाकडा फोडायचा, सगळीकडे आम्हीच. वाळवलेला माकूळ मासा चघळायला घेतला की तासभर सुटका नाही. नवरा म्हणायचा, "थांब, सांडशी आणतो." ती म्हणायची, "तुम्ही सांडशी शोधेपर्यंत माझं काम होतंय." आणि खरंच व्हायचं.

माझा जोडीदार मात्र कुरकुरायचा. "मोशीचं ठीक आहे रे," तो म्हणायचा, "ते आपलं काम आहे. पण ही गोणी कुठून आली?" मी त्याला आळशी म्हणायचो.

कुम्बुनला एकच मुलगी, मिरान. ती गावातल्या बालवाडीत शिकवते. मिरानचं लग्न ठरलं तेव्हा कुम्बुननं जाहीर केलं की लग्नात पोरगी माझ्या हातच्या मोशीचा पोशाख घालणार, वरचा अंगरखा आणि खालचा घेरदार झगा, दोन्ही. तेही साध्या मोशीचा नाही, सगळ्यात बारीक धाग्याचा. तसा तागा विणणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. पट्ट्या वाळवून तयार झाल्या. आमचं काम सुरू झालं. अर्ध्याहून अधिक धागा चिरून झाला होता, तेव्हा तो दिवस आला.

शेजारच्या दोक्शिमताईंच्या ओसरीवर बायका मोशी चिरायला बसल्या होत्या. उकाडा मी म्हणत होता. कुणीतरी थंडगार सोड्याच्या बाटल्या आणल्या, पण बूच काढायची किल्ली कुणी आणली नाही.

"किल्ली कशाला हवी?" दोक्शिमताई म्हणाल्या. "मिरानची आई बसलीये ना इथं."

"द्या इकडे," कुम्बुन म्हणाली.

पहिलं बूच तिनं दाढेनं काढलं. दुसरंही काढलं. बायकांनी कौतुक केलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, शेवटची बाटली तिनं समोर धरली, आमच्या दोघांच्या खाली. पत्र्याची कड जोडीदाराच्या खाचेत बसली. मी त्याला काही म्हणायच्या आत कट्‌ असा आवाज झाला. एवढाच. नखभर पांढरा तुकडा बाटलीच्या गळ्यावरून घरंगळत मोशीच्या ढिगात पडला.

कुम्बुन हसली, आणि हसता हसता तिची जीभ त्या मोकळ्या जागेवर गेली आणि हसू थांबलं. माझा जोडीदार, ज्यानं केसाहून बारीक तंतू कधी तुटू दिला नाही, तो एका सोड्याच्या बाटलीपायी गेला. मला फार वाईट वाटलं, आणि संताप आला. पण दाताला संताप येऊन करायचं काय? मी ठणकत राहिलो.

तालुक्याच्या गावी डॉक्टर प्यो म्हणून दातांचे डॉक्टर आहेत. मिराननं आईला ओढतच तिकडे नेलं. डॉक्टरांनी बारीक आरशानं सगळं पाहिलं.

"काकू, दातांनी काय काय करता?"

"जेवते."

"आणि?"

"मोशी चिरते. हान्सानची आहे मी."

"ते दिसलंच. आणखी?"

"आणखी काही नाही."

"आई, बर्फ," मिरान म्हणाली.

"तो तर उन्हाळ्यात."

"खेकडे. गोणीच्या गाठी. दोरा."

"दोरा काय मोजायचा? दोरा सगळेच तोडतात."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "काकू, मोशीनं तुमचा दात वर्षानुवर्षं झिजवला आणि बाटलीनं त्या झिजलेल्या जागी घाव घातला. दाताचं वरचं कवच तोंडातल्या सगळ्यात कठीण गोष्टीचं बनलेलं असतं, पण एकदा गेलं की ते पुन्हा येत नाही. केस येतात, नख येतं, हे येत नाही. हा तुटलेला काढावाच लागेल, तिथं खोटा बसवू. आणि हा शेजारचा," म्हणून त्यांनी मला हलकेच टिचकी मारली, "याला खोल तडा आहे. आपण कॅप बसवू. जेवायला चालेल. पण यावर पुन्हा मोशी चिरलीत तर उभा फाटेल."

म्हणजे माझीही वेळ आली होती. काही दिवसांत जोडीदार निघाला, त्याच्या जागी खोटा आला आणि माझ्यावर कॅप चढली. घरी पट्ट्यांची जुडी तशीच पडली होती. लग्न तोंडावर आलेलं, धागा अजून अपुरा.

दोन-तीन दिवस तिनं कळ काढली. मग मिरान बालवाडीत गेल्यावर हळूच एक पट्टी भिजवली आणि आमच्यात धरली. कॅपच्या आतून मला तंतू कळत होता, पण माझी कड झाकलेली होती. पट्टी निसटली. तिनं जोर लावला. माझ्या मुळाशी अशी कळ गेली की तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मिरान विसरलेला डबा न्यायला नेमकी परत आली होती. तिनं ते पाहिलं.

"दे ती जुडी," ती म्हणाली. "मी चिरते."

"तू तुझी बालवाडीतली पोरं सांभाळ."

"शिकव मला."

"शिकवणार नाही. घरातल्या एका तोंडाला खाच आहे, तेवढी पुरे."

"मग माझा पोशाख?"

कुम्बुननं जुडी उचलून फडताळात ठेवली. मिरान दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली आणि दातांवर चढवायचं एक पातळ आरपार दिसणारं आवरण करून घेऊन आली. ते लावून ती आईसमोर बसली.

कुम्बुननं ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हातमोजे घालून बाळाला न्हाऊ घालतात का?"

"नाही. पण किमची कालवायला तू घालतेसच की."

कुम्बुननं जुडी काढून पुढे सरकवली. मला तर पोरीचं कौतुकच वाटलं.

मिरानचे पहिले धागे बघण्यासारखे होते. "वा," कुम्बुन म्हणाली, "बैलाला दावं झालं. आता बैल शोधू." पण आवरणावरून पट्टी का सरकते हे बघता बघता तिला एक गोष्ट दिसली, जी तिला जन्मभर दिसली नव्हती. जे काम ती दातांनी करत आली होती त्यातलं पुष्कळसं नखांना आणि बोटांना जमण्यासारखं होतं. पट्टी आधी नीट भिजवली, अंगठ्याच्या नखानं तोंड पाडलं, तर दाताला नुसतं धरून ठेवायचं उरत होतं. दात जवळ होते म्हणून ती दात वापरत होती, एवढंच. आपण कसं चिरतो हे कुम्बुननं पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि तेच मिरानला शिकवलं.

घरात आता सगळा नूर बदलला. चुलीशेजारच्या टोपलीत कात्री, सांडशी आणि बूच काढायची किल्ली आली. मिरानला पेनाचं टोपण चावायची सवय होती. "काढ ते तोंडातून," कुम्बुन म्हणायची. नख कुरतडताना दिसली की हातावर चापट बसायची. मोशी आणि भात, दाताला तिसरं काम नाही, असा तिनं हुकूमच काढला. आणि रोज संध्याकाळी, दिवे लागले की ती हात धुवायची, लग्नाला आलेल्या पोरीला समोर बसवून आ करायला लावायची, आणि समोरच्या दातांच्या कडांवरून बोट फिरवायची. मिरान तान्ही असताना पहिला दात आला का म्हणून फिरवायची, अगदी तसंच. "गुळगुळीत," म्हणायची आणि मगच भात वाढायची.

मिरानचा धागा हळूहळू बारीक झाला. पण जसं व्हायचं तसंच झालं. दोक्शिमताई एकदा आल्या, धागा बघितला आणि मिरानच्या तोंडाकडे बघितलं.

"खाच नाही आणि म्हणे मोशी चिरते," त्या हसल्या. "लग्नात बायका विचारतील, बाजारातून आणलंत का कापड?"

कुम्बुननं ते हसण्यावारी नेलं. मिराननं नाही नेलं. त्यानंतर आई अंगणात गेली की मिरान आवरण काढून ठेवायची आणि उघड्या दातांनी चिरायची. वेळही कमी उरला होता. धागा एकदम सुरेख येऊ लागला. इतका सुरेख की कुम्बुन तो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. "माझ्या आईच्या हातचा वाटतोय," ती म्हणाली. मिराननं आवरण मुठीत लपवलं.

मग एका संध्याकाळी दातांवरून फिरता फिरता कुम्बुनचं बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा तिथंच थांबलं.

"हे काय आहे?"

मिरान हसली. भीत भीत, पण हसलीच. "खाच आहे, आई. छोटीशी. मलाही पडली."

तिला वाटलं होतं आई खूश होईल. का वाटू नये? याच गावात वाढलेली पोर ती. पण कुम्बुनचा जबडा असा आवळला गेला की खालचे दात माझ्यावर येऊन आदळले. मला सगळं कळत होतं. एका बाजूला तिच्या आयुष्यातला सगळ्यात बारीक तागा होता, जुडीत थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या, आणखी काही दिवस डोळेझाक केली की काम फत्ते. दुसऱ्या बाजूला पोरीचा दात, ज्याचं झिजलेलं पुन्हा भरून येणार नव्हतं.

"आजपासून चिरणं बंद," ती म्हणाली.

"अगं, थोडंच राहिलंय."

"राहू दे."

"झग्याच्या घेराला कमी पडेल."

"अंगरख्याला पुरेल. झगा विकतचा घालशील."

"आई, बायका नावं ठेवतील."

"ठेवू देत. नावं ठेवून कुणाचा दात पडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुम्बुननं उरलेल्या पट्ट्या उचलल्या आणि परसात जाऊन मिरचीची रोपं काठ्यांना बांधून टाकली. इतकी सुंदर मोशी आणि मिरचीच्या रोपांना! कुंपणापलीकडून दोक्शिमताईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मलाही आतून कुठेतरी तुटलं, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टर प्योंनी मिरानचा दात घासून सारखा केला आणि म्हणाले, वेळेत थांबलात, आता काळजी नाही, तेव्हा माझा ठणका निम्मा कमी झाला.

जेवढा धागा होता तेवढा कुम्बुननं विणला. मोशीला कोरडी हवा सोसत नाही, म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या लावून, घामानं निथळत ती मागावर बसायची. मी तिच्या तोंडात गप्प बसून बघायचो. कापड पुढे सरकत होतं आणि त्यातून तिच्या बोटांवरच्या रेषा दिसत होत्या. अंगरखा शिवून झाला तेव्हा मिराननं तो हातावर घेतला आणि म्हणाली, "आई, याला वजनच नाही." ते कापड त्या दोघींच्या तोंडातून निघालंय, या गोष्टीचं मला किती नवल वाटतं ते मला सांगताच येत नाही.

मी अजून आहे मित्रांनो. कॅपखाली, भातापुरता. कुम्बुन आता बर्फ विरघळू देते आणि माकूळ आधी कात्रीनं बारीक कापून घेते. गोणीची गाठ सुटत नसली की बसते सोडवत, कंटाळते, गोणीला शिव्या देते, पण दात लावत नाही. तुमच्या तोंडातले दात माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण आहेत. त्यांना कवच एकदाच मिळालंय. पाकीट फाडायला कात्री आहे, बाटलीला किल्ली आहे, पेन लिहायला आहे. त्यांचं काम त्यांना करू द्या आणि आम्हाला आमचं.

लग्नाच्या दिवशी मिराननं वर मोशीचा अंगरखा घातला होता आणि खाली बाजारातून आणलेला झगा. बायका येत होत्या, अंगरख्याची बाही बोटांत धरून बघत होत्या, खाली झग्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शेवटी दोक्शिमताईंनी सगळ्यांदेखत विचारलंच.

"काय गं मिरानची आई, पोशाखाचं अर्धं कापड गेलं कुठं?"

कुम्बुननं नवरीकडे बोट दाखवलं. मिरान कुणाच्या तरी बोलण्यावर तोंडभरून हसत होती.

"तिच्या तोंडात आहे," कुम्बुन म्हणाली. "बघून घ्या."